रानफुले व निसर्गदृश्ये यांचे छायाचित्रण, रायगड किनाऱ्यावरील

सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि अरबी समुद्र यांच्या दरम्यान वसलेल्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील भूदृश्ये आणि रानटी सपुष्प वनस्पती यांची छायाचित्रे घेण्याची परंपरा. ही परंपरा केवळ छंद वा कला म्हणून वाढली नाही. वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह, हाताने रंगविलेली वनस्पतिचित्रे, काचेच्या पट्टीवरील कृष्णधवल छायाचित्र, रंगीत पारदर्शिका आणि अंकीय छायाचित्र अशा टप्प्यांनी ती विकसित झाली. फूल तोडून नेण्याऐवजी ते जेथे उगवते तेथेच ठेवून त्याची नोंद करणे या साधनामुळे शक्य झाले, हे तिचे मुख्य महत्त्व होय. परंतु ज्या स्थळाचे चित्र प्रसिद्ध होते त्या स्थळाकडे माणसांची पावले वळतात. त्यामुळे नोंद आणि नाश ही दोन्ही बीजे या परंपरेत प्रारंभापासून दिसतात.

भूमी व फुलांचे ऋतू : उत्तरेस उरण-पनवेलपासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात खाड्या, मिठागरे, खारजमिनी, वाळूचे किनारे, जांभ्या दगडाचे सडे, दाट जंगलाच्या टेकड्या आणि सह्याद्रीचे उभे कडे अल्प अंतरात एकत्र येतात. अलिबाग येथे वर्षाकाठी सु. २०० सेंमी., तर सु. ८०० मी. उंचीच्या माथेरानवर सु. ५०० सेंमी. पाऊस पडतो. या फरकामुळे फुलांचे प्रकार व बहराचा काळ यांत मोठी विविधता आढळते. भरतीच्या पाण्यावर वाढणाऱ्या मारांडीला जांभळट निळी फुले येतात. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची फुले वर्षाचा बराच काळ दिसतात. पांढऱ्या चिप्पीचे असंख्य पुंकेसरांचे फूल सायंकाळी उमलून सकाळपर्यंत गळून जाते. या झाडास २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्य कांदळवृक्षाचा दर्जा देण्यात आला. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. फणसाड व माथेरान येथे अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या गुच्छांनी झाकल्या जातात. पावसाळ्यात कळलावी, रानहळद, आमरी व तेरडा आणि पाऊस ओसरताना सोनकी असा क्रम लागतो. कोकणात तेरड्याची रोपे गौरी म्हणून घरी आणली जातात आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणही प्रसिद्ध आहे. बहुतेक रानफुलांचे आयुष्य असेच अल्प असते. कारवी मात्र साधारणपणे सात वर्षांनंतर, आठव्या वर्षी एकाच वेळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या वर्षी डोंगरांचे उतारच्या उतार जांभळे होतात.

छायाचित्रणापूर्वीच्या नोंदी : पश्चिम भारतातील वनस्पतींच्या सचित्र नोंदीचा सर्वांत भव्य प्रारंभिक प्रयत्न मलबारात झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याच्या पुढाकाराने तयार झालेला हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यात असे काम बरेच उशिरा सुरू झाले. जॉन ग्रॅहम याने मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची केली. ती १८३९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. पुण्याजवळील दापुरी येथील वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने एका भारतीय चित्रकाराकडून १८४७ ते १८५० या काळात सु. १७० रंगीत वनस्पतिचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरो येथील शाही वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रांखालील वनस्पती ओळखता येतात, परंतु ती काढणाऱ्या कलावंताचे नाव मात्र टिकून राहिले नाही. गिब्सन हाच १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातील जंगलतोडीमुळे पाण्याचे स्रोत आटतात व खाड्या गाळाने भरतात, याकडे त्याने शासनाचे लक्ष वेधले होते. वनस्पतींची नोंद आणि भूमीची काळजी ही दोन कार्ये येथे एकाच व्यक्तीकडे आलेली दिसतात.

गिब्सन व निकोल डालझेल यांचा द बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ १८६१ मध्ये आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. हे आधारग्रंथ असले, तरी त्यांत चित्रे नव्हती. वाचकाला वर्णनावरून वनस्पती ओळखावी लागे, किंवा वनस्पतिसंग्रहालयात जाऊन वाळलेला नमुना पाहावा लागे. वाळलेल्या नमुन्यात पान, फांदी व फुलाचे भाग टिकतात. पण रंग उडतो, आकार सपाट होतो आणि वनस्पतीच्या भोवतालचा खडक, ओल व सावली यांचा मागमूस राहत नाही. कंदिलासारख्या फुलांच्या खरचुडीच्या जाती किंवा आमरीच्या नाजूक पाकळ्या यांबाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

या संग्रहांमागे स्थानिक संग्राहकांचे श्रमही होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील ना. भ. रानडे यांनी आंबा घाटात गोळा केलेल्या एका झुडपास वुड्रो व स्टाफ या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये अब्युटिलॉन रानडेई हे नाव दिले. मराठीत सोनघंटा म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती दीर्घकाळ अतिदुर्मिळ मानली गेली. ठाकूर, कातकरी व धनगर यांच्या बोलींतील वनस्पतींची नावे व उपयोग यांचा आधारही संग्राहकांना वेळोवेळी झाला. परंतु नमुन्याच्या चिठ्ठीवर माहिती देणाऱ्याचे नाव क्वचितच लिहिले जाई.

छायाचित्रणाचे आगमन : १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेअरचे तंत्र जाहीर झाले आणि थोड्याच काळात ते भारतात पोहोचले. वनस्पतींच्या चित्रणासाठी या नव्या विद्येचा उपयोग इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी प्रथम पद्धतशीरपणे केला. त्यांनी १८४३ पासून शैवलांचे निळे ठसे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यासाठी कॅमेरा वापरला नव्हता. संवेदनक्षम कागदावर वनस्पती ठेवून ती उन्हात धरली जाई. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा समावेश होता आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते.

या काळातील छायाचित्रकारांचे लक्ष प्रामुख्याने वास्तू, लेणी व निरनिराळ्या समाजांतील माणसे यांकडे होते. आज रायगड जिल्ह्यात मोडणाऱ्या घारापुरीच्या लेण्यांची छायाचित्रे विल्यम जॉन्सन याने घेतली. परंतु बेटावरील झाडे त्यांत पार्श्वभूमी म्हणूनच येतात. याचे कारण केवळ आवडीत नव्हते, तर तंत्रात होते. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेची पट्टी जागेवरच तयार करून, ओली असतानाच प्रकाशाला उघडी करून लगेच विकसित करावी लागे. त्यासाठी काचा, रसायने, पाणी व अंधारा तंबू डोंगरावर वाहून न्यावा लागे. उद्भासनास काही सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने हलणारे फूल पुसट होई. पट्टीवरील लेप निळ्या प्रकाशास संवेदनक्षम, पण हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांस जवळजवळ अंध असे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे, जंगल काळे आणि सोनकीसारखे पिवळे फूल गडद ठिपक्यासारखे उमटणे अपरिहार्य होते. कोकणातील रानफुलांचा मुख्य बहर नेमका पावसाळ्यात येतो. ढगाळ प्रकाश, संततधार पाऊस व निसरड्या वाटा यांमुळे जेव्हा चित्रणास सर्वाधिक विषय असत, तेव्हाच ते सर्वांत अवघड ठरे.

१८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने माथेरानचा माथा पाहिला आणि पुढे तेथे गिरिस्थान वसले. १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाल्यावर मुंबईकरांची ये-जा वाढली आणि माथेरानची टोके व कडे ही निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांची आवडती स्थळे बनली. दरम्यान १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या पट्टीचे तंत्र मांडले, १८८८ मध्ये ईस्टमनच्या कोडॅक कॅमेऱ्याने हौशी छायाचित्रणाचा मार्ग खुला केला आणि १९०७ मध्ये ल्यूम्येअर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत पट्टी बाजारात आली.

निसर्ग-अभ्यास व छायाचित्र : १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. त्याने निसर्गनिरीक्षणाबरोबर त्याच्या सचित्र नोंदीचेही व्यासपीठ पुरविले. सेंट झेव्हियर महाविद्यालयातील एथेलबर्ट ब्लॅटर व डब्ल्यू. एस. मिलर्ड यांची सुंदर भारतीय वृक्षांवरील लेखमाला या नियतकालिकात आली आणि १९३७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील चित्रांमुळे फुललेला वृक्ष ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. याच परंपरेतील हेर्मेनेहिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनश्रीवर ग्रंथ लिहिला. खंडाळा पुणे जिल्ह्यात असले, तरी त्याच्या पश्चिमेचा घाटउतार रायगड जिल्ह्यात येतो. त्यामुळे रायगडच्या डोंगराळ भागातील वनस्पतींच्या अभ्यासकांना हा ग्रंथ उपयुक्त ठरला. अलिबागजवळील किहीम येथे सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या वीणीचे निरीक्षण केले. जीव मारून त्याचा नमुना ठेवण्याऐवजी तो जगतो तेथे बसून त्याचे वर्तन नोंदविण्याची ही रीत होती. रानफुलांच्या छायाचित्रकारानेही पुढे हीच दृष्टी स्वीकारली.

३५ मिमी. फिल्मचे हलके कॅमेरे, १९३५ पासून उपलब्ध झालेली कोडाक्रोम फिल्म आणि जवळून चित्र घेणारी भिंगे यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम सुकर झाले. तरीही काही अडचणी कायम राहिल्या. फुलाच्या अगदी जवळ भिंग नेल्यास स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार कमी होते. ती वाढवावी तर भिंगाचे छिद्र लहान करावे लागते व उद्भासनकाल वाढतो. मग तिपाई, वारा अडविण्यासाठी आडोसा आणि वाऱ्याच्या विसाव्याची प्रतीक्षा यांवाचून चालत नाही. रंगीत पारदर्शिका पडद्यावर दाखवून व्याख्याने देण्याची प्रथा निसर्गमंडळांत रूढ झाली आणि गिर्यारोहणाच्या छंदाबरोबर ती वाढली. १९९३ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने रायगड जिल्ह्याच्या वनश्रीवरील कोठारी व मूर्ती यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आयझॅक किहिमकर यांचे सामान्य भारतीय रानफुलांवरील पुस्तक २००० मध्ये आणि श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतील रानफुलांवरील पुस्तक २००१ मध्ये आले. इंग्रजीत असलेल्या या पुस्तकांनी छायाचित्रावरून फूल ओळखण्याची सवय डोंगरभटक्यांना लावली.

संरक्षित क्षेत्रे व छायाचित्रण : निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांचा भूमीच्या संरक्षणाशी असलेला संबंध अमेरिकेत प्रथम स्पष्ट झाला. कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये योसेमिटी खोऱ्याची मोठ्या आकाराची छायाचित्रे घेतली आणि ते खोरे राखून ठेवणारा कायदा १८६४ मध्ये झाला. विल्यम हेन्री जॅक्सन याने १८७१ मध्ये यलोस्टोन येथे घेतलेल्या छायाचित्रांनंतर लगेच, १८७२ मध्ये, तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हिमालयात फ्रँक स्माइथ यास १९३१ मध्ये दिसलेली फुलांची दरी त्याच्या १९३८ मधील पुस्तकामुळे सर्वदूर ज्ञात झाली आणि १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान बनली.

रायगड जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य स्थापन झाले व २००३ मध्ये त्याचे क्षेत्र वाढवून सु. १२ चौ. किमी. करण्यात आले. मुरूड व रोहा या भागांतील फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. जंजिरा संस्थानच्या नबाबाचे हे पूर्वीचे शिकारीचे रान. शेकरू, गारंबीच्या अजस्र वेली, सीताअशोक व ‘गाण’ या नावाने ओळखले जाणारे पाणवठे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. जेथे बंदूक घेऊन जाण्याचा अधिकार एका घराण्यापुरता होता, तेथे आता कॅमेरा घेऊन जाण्याची मुभा सर्वांना मिळते, हा बदल लक्षणीय आहे. मात्र हा प्रवेश अनिर्बंध नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी ज्या कारणांनी परवाना देता येतो, त्यांत छायाचित्रणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. १९९१ च्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट वनस्पती तोडण्यास व उपटण्यासही मनाई करण्यात आली. माथेरान परिसर २००३ मध्ये परिस्थितिकीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला.

संरक्षित सीमांबाहेरील भूभागांची स्थिती वेगळी आहे. जांभ्याचे सडे उन्हाळ्यात काळेठिक्कर व उजाड दिसतात. महसुली भाषेत ते पडीक ठरतात. चिऱ्यांच्या खाणी, बांधकामे आणि सुरुंग लावून केलेल्या आंब्याच्या बागा यांसाठी त्यांचा वापर होतो. परंतु पावसाळ्यात त्यांच्यावरील बोटभर मातीच्या थरात गेंद, सीतेची आसवे व कीटकभक्षी दवबिंदू यांचे गालिचे पसरतात आणि आश्विन-कार्तिकापर्यंत नाहीसे होतात. मे महिन्यात पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी दिनांकासह घेतलेले छायाचित्र हाच त्या जागेच्या संपन्नतेचा सर्वांस समजणारा पुरावा असतो.

चित्रात न येणारी माणसे : निसर्गदृश्याच्या छायाचित्रात माणूस नसावा, असा संकेत पाश्चात्त्य परंपरेतून रूढ झाला. योसेमिटीच्या प्रसिद्ध चित्रांतही तेथील मूळ रहिवासी क्वचितच दिसतात. रायगड परिसरातील डोंगर मात्र कधीच निर्मनुष्य नव्हते. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती बांधणारे ठाकूर, उतारांवर नाचणी-वरी पिकविणारे शेतकरी व गुरे चारणारे धनगर यांच्या वावरामुळेच अनेक गवताळ उतारांना आजचे रूप आले आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. इर्शाळगडाचा सुळका गिर्यारोहकांच्या छायाचित्रांत वर्षानुवर्षे येत होता. त्याच्या उतारावरची ठाकूर वाडी बहुसंख्य महाराष्ट्राला माहीत झाली ती या आपत्तीनंतर.

प्रसिद्धीचे परिणाम : अंकीय कॅमेरा आणि त्यानंतर कॅमेरायुक्त भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे २००० नंतर रानफुलांची छायाचित्रे अगणित झाली. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून २०१२ मध्ये कासचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. गर्दी आवरण्यासाठी दैनिक संख्येवर मर्यादा व शुल्क हे उपाय योजावे लागले. फुलांभोवती कुंपण घालावे की पूर्वीप्रमाणे गुरांना चरू द्यावे, हा अभ्यासकांतील वादाचा विषय ठरला, कारण चराई थांबल्यास उंच गवत वाढून लहान फुलझाडे दबतात. रायगड किनाऱ्यावरील लहान सड्यांवर व घाटमाथ्यांवर असे नियंत्रण नसते. एका फुलाचे चित्र घेताना शेजारची दहा रोपे तुडविली जाणे, अडथळा वाटणाऱ्या फांद्या मोडणे, फूल तोडून सोयीच्या प्रकाशात मांडणे हे प्रकार घडतात. दुर्मिळ आमरींच्या चित्राबरोबर नेमके स्थळ प्रसिद्ध झाल्यास कंद खणून नेणाऱ्यांचीही सोय होते. म्हणून जाणकार छायाचित्रकार सामान्य वनस्पतींचे स्थळ नेमके देतात आणि दुर्मिळ वनस्पतींचे केवळ तालुक्यापुरते सांगून तपशील अभ्यासकांकडे राखून ठेवतात.

पुरावा म्हणून मूल्य : छायाचित्र वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. गवते, गेंद व खरचुडी यांच्या जवळच्या जातींतील भेद बीज, केस वा केसरांच्या सूक्ष्म रचनेवरून ठरतात आणि ते सुंदर चित्रात अनेकदा दिसत नाहीत. उलट, पान, खोड, फळ, मागील बाजू व अधिवास यांची साधी पण संपूर्ण चित्रमालिका अभ्यासास अधिक उपयोगी पडते. स्थळ, दिनांक व ओळख या तीन गोष्टी जोडल्या असतील, तर हौशी व्यक्तीचे छायाचित्रही शास्त्रीय नोंदीच्या जवळ जाते. त्या नसतील, तर उत्कृष्ट चित्रही केवळ शोभेचे राहते. कारवीच्या बहराची वर्षे निरनिराळ्या डोंगरांवर निरनिराळी असू शकतात. त्यांचे वेळापत्रक अशा दिनांकित चित्रांवरूनच जुळविता येते.

भूदृश्यांच्या बाबतीत हे मूल्य आणखी वाढते. उरण परिसरात १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि खाड्या, मिठागरे व पाणथळ जागा यांचे रूप पालटले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या व फणसाडचे जंगल यांची मोठी हानी झाली. वादळापूर्वी या वाड्यांची घेतलेली चित्रे त्या वेळी केवळ स्मरणचित्रे होती. त्यानंतर ती तुलनेची साधने बनली. त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने व त्याच ऋतूत पुन्हा छायाचित्र घेण्याची पद्धत जगभर हिमनद्या व जंगले यांच्या अभ्यासात वापरली जाते. कोकणकिनाऱ्यावर ती अल्प खर्चात अवलंबिता येण्यासारखी आहे. शाळांतील जुन्या सहलींची व घरोघरच्या संग्रहांतील छायाचित्रे यासाठी मूळ आधार ठरू शकतात. त्यांच्या मागे गावाचे नाव व वर्ष लिहून ठेवणे एवढीच पूर्वतयारी आवश्यक असते.

दापुरीच्या चित्रकाराने रंगविलेली फुले दीड शतकाहून अधिक काळानंतर ओळखता येतात, कारण चित्राबरोबर वनस्पतीची ओळखही जपली गेली. नोंदीअभावी नाहीसे झाले ते त्याचे स्वतःचे नाव. रायगड किनाऱ्यावरील आजच्या असंख्य छायाचित्रांपैकी किती चित्रे पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडतील, हे त्यांच्या सौंदर्यापेक्षा अशाच नोंदींवर अवलंबून आहे. आणि त्या चित्रांतील फूल तोपर्यंत त्याच सड्यावर पुन्हा उमलेल की नाही, हे चित्र घेणाऱ्याची पावले किती जपून पडतात आणि तो सडा पडीक म्हणून लेखला जातो की नाही, यांवर ठरेल.